भिंतीत जाणारा माल आधी तोलून घ्या

घरकुलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की घरात धावपळ सुरू होते. वाळू कुठून आणायची, गवंडी कोणता धरायचा, सळई जालन्याहून मागवायची की तालुक्याच्या दुकानातून उचलायची, याची चर्चा पारावर रंगते. घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील उगाच म्हणत नसत. पाया, भिंती आणि स्लॅब या तिन्हींकडे घरमालक डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण घर वर येता येता खिसा रिकामा होतो आणि नेमक्या त्याच वेळी वायर, स्विच, बोर्ड, बिजागऱ्या, कड्या, स्क्रू यांची यादी घेऊन मिस्त्री दारात उभा राहतो. मग ठरलेले वाक्य कानी पडते, "काही होत नाही भाऊ, साधीच वायर टाकू. भिंतीत कोण बघतंय?"

भिंतीत कोणी बघत नाही, हे खरेच आहे. म्हणूनच तो माल भिंतीत जाण्याआधी बघितला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. रंग उडाला तर पुन्हा लावता येतो. फरशी फुटली तर बदलता येते. गिलाव्याच्या आत गेलेली वायर मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे तिथेच राहते, आणि तिचा दोष कळतो तो कोणाला तरी झटका बसल्यावर किंवा घरातून धूर निघाल्यावर.

सिल्लोड-कन्नडचा शेतकरी मका घेऊन बाजार समितीत जातो तेव्हा व्यापारी ओलावा मोजतो आणि त्याप्रमाणे भाव पाडतो. कापसाच्या गाडीला कडता लागतो. किलो-दोन किलोसाठी आपण काट्यापाशी वाद घालतो, आणि घातलाच पाहिजे. पण तोच शेतकरी दुकानातून वायरचे बंडल घेतो तेव्हा काट्यावर ठेवत नाही, वर काय छापले आहे ते वाचत नाही आणि पक्के बिलही मागत नाही. आपला माल मोजून देणाऱ्याने विकत घेतलेला मालही मोजून घ्यावा, यात चुकीचे ते काय?

जीव कसा जातो

खेड्यातल्या घरात विजेने माणूस दगावतो तेव्हा ते बहुधा 'नशीब' म्हणून सोडून दिले जाते. नीट पाहिले तर कारणे तीच ती असतात. पत्र्याच्या घरावरून गेलेली वायर वाऱ्याने घासून सोलते आणि पावसाळ्यात सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. त्याच पत्र्याला किंवा अँगलला कपडे वाळत घालण्याची तार बांधलेली असते आणि ओल्या हाताने कपडे टाकणारी घरची बाई तिला चिकटते. तिला सोडवायला धावलेला माणूसही तिथेच अडकतो. उन्हाळ्यात लोखंडी बॉडीचा कूलर दोन पिनांच्या टॉपवर चालतो, खाली पाणी सांडलेले असते आणि लेकरू कूलरला हात लावते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन राहिलेली नाही. म्हणून त्याच्या टॉपची तिसरी पिन हीही चैन समजू नये.

मीटरपर्यंतची वीज महावितरणची आणि मीटरच्या पुढची वीज घरमालकाची, असा साधा हिशेब आहे. नव्या जोडणीसाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अहवालावर सही करणाऱ्याने घर पाहिलेलेच असते असे नाही. कागद पूर्ण झाला म्हणजे वायरिंग सुरक्षित झाले, या समजुतीत कोणी राहू नये.

वायर कशी पारखावी

दुकानात अजूनही जुने लोक 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशी भाषा बोलतात. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या ३ तारा. आता वायर चौरस मिलिमीटरमध्ये मिळते. दिवा-पंख्याच्या पॉइंटला दीडची, जिथे इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड किंवा घरगुती गिरणी लागते त्या १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची आणि मीटरपासून बोर्डापर्यंतच्या मुख्य वायरीला चारची, हा दोन-तीन खोल्यांच्या घराला पुरणारा हिशेब आहे. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर खेचतो. एक हॉर्सपॉवरची गिरणी चालताना साधारण तेवढेच घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते. दिव्याच्या बारीक वायरीवरून ही गिरणी चालवली तर वायर आतून तापते, वरचे प्लॅस्टिक कडक होऊन तडकते आणि एके दिवशी भिंतीतच दोन तारा एकमेकींना भिडतात.

पीव्हीसी वायरीवर आयएसआय चिन्ह असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठीचे मानक आयएस ६९४. चिन्हाखाली 'सीएम/एल' या अक्षरांनंतर परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. नुसते चिन्ह छापणे काही अवघड नाही, म्हणून क्रमांक तपासावा. भारतीय मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' हे अ‍ॅप मोबाईलवर घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की नाही, हे कळते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी परीक्षा काट्याची. बंडल साधारणपणे ९० मीटरचे असते. दीडच्या वायरीच्या पूर्ण बंडलात नुसते तांबेच सव्वा किलोच्या आसपास असते. वरच्या प्लॅस्टिकसह बंडल दीड किलोच्या वर भरले पाहिजे. काटा त्याच्या बराच खाली थांबला तर तीनपैकी एक गोष्ट समजावी : वायर बारीक आहे, लांबी कमी आहे किंवा आत तांबे नसून तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचे असते, त्यामुळे ही लबाडी काट्यावर लपत नाही. मुलाम्याची शंका आली तर टोकाची तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर बंडल परत करावे. अशी तार सांध्यात लवकर सैल होते आणि सैल सांधा हीच आगीची चूल असते.

वायर ज्या नळीतून जाते ती नळीही बघावी. कोणी स्लॅबमध्ये पाण्याचा उरलेला पाइप टाकतो, तर कोणी शेतातली ठिबकची जुनी काळी नळी कापून वापरतो. ती नळी पेट घेते आणि आग पुढे नेते. वायरिंगची नळी वेगळी मिळते, तिचे मानक आयएस ९५३७ आहे आणि ती सहजासहजी जळत राहत नाही. धान्याच्या कणग्या असलेल्या घरात उंदीर असणारच. वायर उघडी न ठेवता नळीतूनच नेण्याचे तेही एक कारण आहे.

फ्यूज, एमसीबी आणि अर्थिंग

फ्यूज उडाला की वायरीचे चार-पाच केस पिळून किटकॅटमध्ये घालायचे, ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट सवय आहे. फ्यूज उडतो तो घर वाचवण्यासाठी. तो उडूच नये अशी तजवीज करणे म्हणजे राखणदार कुत्र्याचे तोंड बांधून झोपण्यासारखे आहे. नव्या घरात एमसीबीच बसवावी. ती निवडताना 'मोठी घेतली म्हणजे बरी' असे समजू नये. एमसीबी वायरीच्या मापाने घ्यायची असते : दीडच्या वायरीला ६ किंवा १० अँपिअर, अडीचच्या वायरीला १६. वारंवार पडते म्हणून ३२ ची बसवली तर वायर जळेल, पण एमसीबी पडणार नाही.

आणखी एक गोष्ट अनेक वायरमनही सांगत नाहीत. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा छोटा अंश पुरतो आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. माणसाला वाचवणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढा प्रवाह भलत्या वाटेने जाताच पुरवठा तोडते. ६ अँपिअर म्हणजे याच्या दोनशे पट, यावरून फरक लक्षात यावा. एका घराला एक पुरते. तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आरसीसीबी सारखी पडत असेल तर घरात कुठेतरी गळती आहे. ती शोधायची सोडून आरसीसीबीच बाजूला काढणाऱ्या वायरमनला दारातूनच परत पाठवावे.

अर्थिंगचे तर बोलायलाच नको. कित्येक घरांत अर्थिंग म्हणजे भिंतीकडेला वीतभर ठोकलेली सळई. मानकाप्रमाणे जस्ताचा मुलामा दिलेला किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा पाइप जमिनीत गेला पाहिजे. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मुरूम कोरडा पडतो. तेव्हा वरवरचे अर्थिंग निकामी होते, आणि कूलर चालतात तेही त्याच दिवसांत. म्हणून पाइप खोल हवा, भोवती कोळसा-मीठ हवे आणि चैत्र-वैशाखात त्यात पाणी ओतले पाहिजे. नळकोंडाळ्याशेजारी किंवा न्हाणीच्या ओलीत अर्थिंग घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला धोका निर्माण करू नये. न्यूट्रलचीच तार अर्थिंगला जोडण्याचा प्रकार तर जीवघेणा आहे. खांबावर न्यूट्रल तुटली की घरातल्या लोखंडी वस्तूंच्या अंगात करंट येतो. अर्थिंगवर दिवे चालवणाऱ्यांनी आणि आकडे टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. त्यांचा दिवा लागतो, पण झटका शेजाऱ्याला बसू शकतो.

सौर पॅनेल आता खेड्यातही आले आहेत. पॅनेलपासून येणारी वीज डीसी असते. तिला घरातली साधी वायर आणि साधी एमसीबी चालत नाही, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही. तिच्यासाठी डीसीचीच केबल आणि डीसीचीच एमसीबी घ्यावी.

लोखंड आणि कडी-कोयंडा

हाच नियम हार्डवेअरला लावावा. जालन्यासारखे सळईचे मोठे केंद्र शेजारी असताना आपल्या माणसाने हलकी सळई घेण्याचे कारण नाही. सळईवर कंपनीचे नाव आणि प्रत उमटलेली असते. मानक आयएस १७८६. वजनाचा हिशेब पाठ करून ठेवावा : सळईच्या मिलिमीटरचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, म्हणजे एका मीटरचे किलो निघतात. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई सुमारे १० किलो ६५० ग्रॅम भरते. थोडा फरक मानकाला मान्य आहे, पण सळई १० किलोच्याही खाली गेली तर ती परत करावी.

पत्र्याच्या घरात पत्रा किती जाड घेतला हे सगळे सांगतात, पण तो कशाने धरला आहे ते कोणी सांगत नाही. नुसते खिळे ठोकून वर दगड ठेवण्याची पद्धत वळवाच्या वाऱ्यात अंगावर येते. पत्रा उडतो आणि दगड खाली झोपलेल्यावर पडतो. जस्ताचा मुलामा दिलेले जे-हूक बोल्ट आणि त्याखाली वॉशर, एवढा खर्च कड्याकोपऱ्यांना तरी करावाच. वारा पत्रा उचलतो तो कडेकडूनच. दाराला दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावाव्यात, आणि स्क्रू हातोडीने ठोकू न देता पेचकसाने पिळून घ्यावेत. ठोकलेला स्क्रू लाकडाचे आटे फाडतो आणि दोन पावसाळ्यांत दार लोंबकळते. मिस्त्रीला घाई असते, पण घर आपले असते.

किल्लारीचा धडा

हे सारे सांगताना किल्लारीची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगावली, ती प्रामुख्याने स्वतःच्याच घरांच्या ढिगाऱ्याखाली. भिंती हातभर जाड होत्या आणि बाहेरून भक्कम दिसत होत्या. आत मात्र मातीत बसवलेले दगड होते, दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड नव्हता आणि डोक्यावर माळवदाचा भार होता. दिसणारी जाडी कामी आली नाही. आतली जोड नव्हती, ती नडली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जे पुनर्वसन झाले त्यात एक भाग घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा होता. पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाला मिळत आणि माल त्यानेच आणायचा असे. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. कामाचे टप्पे काय, माल कसा हवा आणि आरपार दगड कुठे घालायचा, हे त्यांनी घरोघर समजावले. ज्यांना कोणी गवंड्याशी बोलूही देत नसे, त्या बायका बांधकामावर लक्ष ठेवू लागल्या. मराठवाड्याने हे एकदा करून दाखवले आहे. वायरीच्या बाबतीत ते पुन्हा करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपयांचे मूळ अनुदान ठरले आणि पैसे बांधकामाच्या टप्प्यानुसार, फोटो चढवल्यावर मिळतात. फोटोत भिंत दिसते, छत दिसते, दारात उभा लाभार्थी दिसतो. भिंतीतली वायर आणि जमिनीतले अर्थिंग फोटोत येत नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले ग्रामसेवक, आणि गृहनिर्माण अभियंता यांनी आपणहून एक पायरी वाढवावी : स्लॅब टाकण्यापूर्वी नळी आणि गिलावा करण्यापूर्वी वायर डोळ्यांनी पाहावी. त्यासाठी वेगळी भेट लागत नाही. टप्प्याच्या पाहणीला जायचेच असते, तेव्हाच हे होते.

दुसरे, एका गावात दहा-पंधरा घरकुले एकाच वेळी चालतात. त्या लाभार्थ्यांनी मिळून एकाच दुकानातून वायर, एमसीबी आणि अर्थिंगचे पाइप पक्क्या बिलावर घ्यावेत. भाव कमी होतो आणि दुकानदारही जपून माल देतो. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची तक्रार कुठेच टिकत नाही. पक्के बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

तिसरे, गावच्या सार्वजनिक इमारती. शाळाखोली, अंगणवाडी, समाजमंदिर यांच्या अंदाजपत्रकात विद्युतीकरणाला एकठोक रक्कम टाकून मोकळे होण्याची सवय मोडली पाहिजे. वायरीचे माप, नळीचे मानक, आरसीसीबी, अर्थिंगची खोली हे नावानिशी लिहावे आणि मोजमाप पुस्तिकेत तसेच उतरावे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत ११ रुग्ण दगावले. मग राज्यभर सरकारी इमारतींच्या तपासणीचा विषय निघाला. बैल गेला आणि झोपा केला, हे आपण किती वेळा करणार? अंगणवाडीच्या भिंतीवरचे लोंबते बटण दुरुस्त करायला कोणत्याही दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. घरकुलाच्या पैशात भिंती उभ्या राहत नाहीत, तिथे चांगली वायर कुठून आणायची? आमचे उत्तर असे, की पॉइंट कमी करा, पण माल हलका करू नका. दोन खोल्यांत बारा पॉइंटऐवजी सहा घ्या. दर्शनी भिंतीचा रंग, फॅन्सी दिवे आणि पीओपीची नक्षी पुढच्या सुगीवर ढकला. चांगल्या आणि भेसळीच्या वायरीत साऱ्या घराला मिळून फार तर काही पोती सिमेंटच्या किमतीचा फरक पडतो. वाढीव पॉइंट पुढच्या वर्षी घेता येतील. भिंतीत गेलेली खोटी वायर मात्र भिंत फोडल्याशिवाय निघत नाही.

येत्या ग्रामसभेत दुसऱ्या विषयांबरोबर हाही विषय घ्यावा. आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकलेली मुले गावोगाव आहेत. त्यातल्या एकाला बोलावून चांगली आणि खोटी वायर शेजारी शेजारी ठेवून दाखवायला सांगावे, आणि बचत गटाच्या बायकांना पुढे बसवावे. काटा तर गावात असतोच. ज्या काट्यावर आपण कापूस आणि मका तोलतो, त्याच काट्यावर वायरीचे बंडल एकदा ठेवून पाहा.